धाकट्याच्या नावाचा धोंडा

वेधशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. काम तसंच होतं. दुर्बिणीवरची माणसं आकाशाचे फोटो काढून घरी झोपायला जायची आणि सकाळी नऊला मोजणीबाई येऊन ते फोटो पडद्यावर एकामागून एक लावून बघायची. एकाच जागेचे तीन फोटो, वीस-वीस मिनिटांच्या अंतरानं काढलेले. तारे आपले जागच्या जागी. त्यात एखादा ठिपका जरासा सरकलेला दिसला की समजायचं, हा तारा नव्हे, हा धोंडा आहे आणि सूर्याभोवती फिरतोय. शहाणी माणसं त्याला लघुग्रह म्हणतात. मोजणीबाई धोंडाच म्हणायची. तीस वर्षांत तिनं असे सदुसष्ट धोंडे पकडले होते आणि तेवढ्या काळात चष्मे बदलले होते अकरा.

धोंडा सापडला म्हणून लगेच नाव मिळत नाही. आधी त्याला तात्पुरते आकडे-अक्षरं चिकटवतात. मग चार-सहा वर्षं त्याच्या मागावर राहायचं. त्याची वाट पक्की ठरली की कायमचा नंबर मिळतो आणि नंबर मिळाल्यापासून दहा वर्षं शोधणाऱ्याला हक्क असतो, की बाबा, तू नाव सुचव. नावाबरोबर तीन ओळींत लिहून द्यायचं की हे कुणाचं नाव, कशासाठी. लांब कुठल्यातरी देशात एक समिती बसलेली असते. ती मतं देते, छापते, आणि एकदा छापलं की ब्रह्मदेवाच्या बापालाही ते बदलता येत नाही. दहा वर्षं झोपा काढल्या, तर हक्क गेला.

आता मोजणीबाईच्या धोंड्यांचा शोधणारा कागदावर कोण? वेधशाळा. आणि वेधशाळा म्हणजे कोण? संचालकसाहेब. साहेबांनी सदुसष्टपैकी सहासष्ट धोंड्यांची सोय लावली होती. एक सासऱ्यांना, एक दातांच्या डॉक्टरला, तीन मेव्हण्यांना तीन. मेव्हण्यांचे धोंडे कोट्यवधी मैलांत एकमेकांच्या वाटेला जात नव्हते, जे घरात कधी जमलं नव्हतं. पाळलेल्या जनावरांची नावं नकोत असं समितीचं म्हणणं असतं, म्हणून साहेबांनी आपल्या मांजरीचं नाव सुचवताना अर्थ लिहिला, ‘वेधशाळेतील रात्रपाळीची मूक आणि निष्ठावान सहकारी.’ एकमतानं मंजूर झालं. वर समितीनं त्या बाईंच्या निवृत्तीला शुभेच्छा कळवल्या.

सदुसष्टावा मात्र मोजणीबाईनं मागून घेतला होता.

“घ्या की,” साहेब तेव्हा म्हणाले होते. “तसाही फार अंधुक आहे तो.”

तिला तो धाकट्या भावासाठी हवा होता.

धाकटा नळ दुरुस्त करायचा. बाकी काही करायचा नाही. बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी तो खांद्यावर सहा फुटी पाइप टाकून एका म्हातारीच्या न्हाणीघरातला नळ बसवायला निघाला होता. चौकात आला आणि मागून मोर्चा आला, पुढून पोलीस आले. कसला मोर्चा, कशाचा, त्याला पत्ता नाही. कुणीतरी मागून हाक मारली, “ए, वाकून जा!” हा बघायला वळला. आता खांद्यावर सहा फुटी पाइप असलेला माणूस वळला की पाइपही वळतो. पाइपाचं दुसरं टोक समोरच्या फौजदाराच्या टोपीला लागलं आणि टोपी उडून गटारात पडली.

झाली क्रांती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेमका कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात धाकटा पहिल्या पानावर, पाइप उगारलेला, तोंड उघडं. ते तोंड खरं तर ‘अरे बापरे’ म्हणत होतं, पण फोटोला आवाज नसतो. बाराव्या दिवशी तो चौकीत मेला.

सरकारनं त्याला दंगलखोरांचा म्होरक्या ठरवलं. दहा वर्षांनी ते सरकार पडलं, टाळ्या वाजवणारे खुर्चीवर बसले आणि त्यांनी त्याला हुतात्मा केलं. चौकात पुतळा झाला, पाइप झेंड्यासारखा वर धरलेला. पक्षाची खूण पाइप. शाळेच्या पुस्तकात धडा आला, त्यात धाकटा मरताना दीड पान भाषण करतो. घरी त्याला जेवायला बोलवायचं तर तीनदा हाका माराव्या लागायच्या आणि तेव्हा तो एकदा ‘हं’ म्हणायचा.

म्हणजे एका सरकारनं त्याला मारला आणि दुसऱ्यानं जो जिवंत केला तो भलताच कुणीतरी. मोजणीबाईला जगात एक जागा हवी होती, जिथं खरं लिहिलेलं असेल. चौकात नाही, पुस्तकात नाही, तर निदान आकाशात. म्हणून त्या तीन ओळी लिहायला तिला सहा वर्षं लागली. ‘नळ दुरुस्त करायचा. दुसऱ्याच्या घरात गळका नळ दिसला तरी त्याला गप्प बसवत नसे. सव्विसाव्या वर्षी गेला.’

समितीचं उत्तर आलं. फार सभ्य होतं. ‘महोदया, आपल्या बंधूंच्या नावे एक रस्ता, एक पूल, दोन पुतळे व एक टपाल तिकीट असल्याचे आढळले. राजकारणामुळे प्रसिद्ध झालेल्या व्यक्तीचे नाव मृत्यूनंतर शंभर वर्षे देता येत नाही, हा नियम आपण जाणताच. एक्क्याऐंशी वर्षांनी अवश्य कळवावे.’

तिनं पत्रावर पत्रं लिहिली. तो राजकारणी नव्हता हो, नळवाला होता. समिती म्हणाली, असेल, पण तसा एखादा अधिकृत कागद पाठवा. ह्या पत्रापत्रीत तीन वर्षं गेली आणि हक्काचे चार महिने उरले. घरात आई सत्याऐंशीची, अंथरुणाला खिळलेली. रोज संध्याकाळी मोजणीबाई घरात शिरली की आईचा पहिला प्रश्न, “आला का गं कागद?”

“येईल.”

“तू आणि तुझे धोंडे. माझी गोवऱ्यांची वेळ आली, तरी ह्यांचं मत होईना.”

साहेबांनी युक्ती सांगितली. “अहो, मांजरीसारखं करा. अर्थामध्ये जरा फिरवाफिरवी. ‘आमचे एक स्नेही’ म्हणा.”

“साहेब, मला अर्थच हवाय. नाव पुतळ्याखालीही आहे.”

“मग बसा,” साहेब म्हणाले. “चार महिन्यांत जमलं नाही, तर हक्क जायच्या आत माझ्या नव्या व्याह्यांचं बघतोच आहे मी.”

घोडं आता एका कागदावर अडलं होतं. तो राजकीय नव्हता, असं सांगणारा एक कागद. मोजणीबाई आधी पक्षाच्या हुतात्मा स्मारक मंडळात गेली. तिथले चिटणीस दरवर्षी तिला व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत बसवायचे, एक गुच्छ द्यायचे आणि स्वतः तासभर बोलायचे. बोलताना ते धाकट्याचे जिवलग सोबती असायचे. प्रत्यक्षात त्यांची आणि धाकट्याची कधी नजरानजरही झालेली नव्हती.

“ताई, आकाशात नाव! वा!” चिटणीस उठूनच उभे राहिले. “मोठा ग्रह आहे ना?”

“तीन-चार मैलांचा धोंडा आहे.”

“धोंडा नका म्हणू हो. बरं, माझ्याकडून काय हवं?”

“एक पत्र. की तो तुमच्या पक्षाचा नव्हता, मोर्च्यात नव्हता, नळ बसवायला चालला होता.”

चिटणीस खाली बसले. भिंतीवर धाकट्याचं मोठं चित्र होतं, त्यात त्याला मिशा काढल्या होत्या. त्याला कधी धड मिशा फुटल्याच नव्हत्या.

“ताई,” ते हळूच म्हणाले, “तुम्हाला खरं माहीत आहे, मला खरं माहीत आहे. पण तो नुसता नळवाला होता असं मी लिहून दिलं, तर आम्ही सगळे कोण? आम्ही काय एका टोपीवर निवडून आलो?”

“हो.”

“हो, पण तसं लिहून देत नाहीत ना कुणी!”

त्यांनी तिला चहा पाजला, एक मोठा गुच्छ दिला आणि जिन्यापर्यंत सोडायला आले. वर म्हणाले, “शंभर वर्षंच थांबायचं आहे ना? पक्ष असेलच तेव्हाही. काळजी नको.”

गुच्छ तिनं बसथांब्यावरच्या बाकावर ठेवून दिला.

राहिला एकच माणूस. टोपीवाला फौजदार. तो आता निवृत्त होऊन एका छोट्या घरात राहत होता आणि अंगणात गुलाब लावत होता. नव्या सरकारनं चौकशी मांडली होती, पण धाकट्याच्या मरणाची फाइल अपुरी होती, आणि अपुऱ्या फाइलवर पुढे काही करता येत नाही म्हणून ती बारा वर्षं तशीच पडून होती. फौजदार ना सुटलेला, ना अडकलेला. हातात कात्री घेऊन वाळक्या फांद्या छाटत होता. त्यानं तिला ओळखलं. खुर्ची पुसून दिली.

“तुमचा भाऊ राजकीय?” तो म्हणाला. “छे हो. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सारखा एकच घोशा. म्हातारीच्या न्हाणीघरात पाणी साचलं असेल, मला जाऊ द्या, मी संध्याकाळी परत येतो.”

मोजणीबाईचे हात मांडीवर होते. ते तिथेच राहिले.

“मग सोडलं का नाहीत?”

“पेपरात फोटो आला ना, ताई. टोपी माझी होती. तो साधा नळवाला निघाला असता तर माझी टोपी एका नळवाल्यानं पाडली असं झालं असतं. म्होरक्यानं पाडली तर जरा तरी बरं दिसतं.” त्यानं एक फांदी छाटली. “पोरगा चांगला होता. कोठडीतला नळ त्यानं नुसत्या हातानं दुरुस्त केला. अजून गळत नाही म्हणतात.”

“मला कागद हवाय,” ती म्हणाली. “तो राजकीय नव्हता, एवढाच.”

“आहे की!” फौजदार आत गेला आणि पिवळी पडलेली एक प्रत घेऊन आला. “तेव्हाच केला होता. कुणी विचारलंच नाही. वाचा.”

दोनच वाक्यं होती. ‘सदर इसमाचा चौकीत जिन्यावरून पाय घसरून पडल्याने अपघाती मृत्यू झाला. सदर इसमाचा कोणत्याही राजकीय संघटनेशी संबंध आढळून आला नाही.’ खाली फौजदाराची सही, पोलीस डॉक्टरची सही, आणि ‘नातेवाइकास मान्य’ असं छापलेल्या ओळीपुढे रिकामी जागा.

“तुमच्या आईनं सही केली नाही तेव्हा,” फौजदार म्हणाला. “मी स्वतः तीनदा पेन पुढे केलं. फार हट्टी बाई. सहीशिवाय कागद पुरा नाही, आणि कागद पुरा नाही तर तो अधिकृत नाही. तुम्ही करा ना. सख्ख्या बहिणीची चालते.”

बघा आता गंमत. अख्ख्या जगात धाकट्याबद्दल खरं बोलणारं एकच सरकारी वाक्य होतं, आणि ते एका धडधडीत खोट्याला पाठीला पाठ लावून बसलं होतं. दोन्हींना सही मात्र एकच. मोजणीबाईनं तो कागद दहा वेळा वाचला असेल. तीस वर्षं तिनं तीन फोटोंत एक खरा ठिपका हुडकायचं काम केलं होतं. तिला वाटलं, इथंही तसंच करू. खरं तेवढं उचलू, बाकी सोडून देऊ. समितीला दुसरं वाक्य हवंय, पहिल्याशी त्यांना काय करायचंय? कसा मेला हे माझ्या तीन ओळींत नाहीच.

“आईला विचारून येते,” ती म्हणाली.

“विचारा,” फौजदार म्हणाला. “पण त्या नाही म्हणतील. मग तुम्ही काय करणार?”

तिनं कागद मांडीवर सरळ केला. अंगणात माश्या घोंगावत होत्या. फौजदारानं खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडून ठेवलं. तिनं सही केली. फौजदारानं कोपऱ्यावरून त्याची झेरॉक्स काढून तिला दिली, सहीचा कागद आपल्याकडे ठेवला.

घरी आईनं विचारलं, “आला का गं कागद?”

“पाठवला,” मोजणीबाई म्हणाली. आईनं पुढे विचारलं नाही. पाठवला आणि आला यातला फरक तिच्या लक्षात आला नसेल, किंवा आला असेल.

समितीचं उत्तर यायला दोन महिने लागले. कागद समाधानकारक, नाव एकमतानं मंजूर. मोजणीबाई वेधशाळेत खुर्चीतच रडली. साहेबांनी आनंदानं सगळ्यांना चहा पाजला आणि व्याह्यांसाठी दुसरा धोंडा शोधायला सांगितलं. पत्राच्या खाली एक ओळ होती, ‘परिचयाचा मजकूर समितीकडून आवश्यकतेनुसार संपादित केला जाईल.’ ती सगळ्यांच्याच पत्रात असते. ती कोण वाचतो?

तीन आठवड्यांनी समितीचा अंक आला. त्यात एकोणचाळीस नवी नावं होती. एका गणितज्ञाचं, एका नदीचं, विज्ञानस्पर्धा जिंकलेल्या चार मुलींची. मोजणीबाईनं सदुसष्टाव्याचा नंबर हुडकून काढला. नंबर बरोबर. नाव बरोबर. खाली अर्थ.

‘व्यवसायाने नळदुरुस्ती. राजकारणाशी संबंध नाही. सव्विसाव्या वर्षी जिन्यावरून पाय घसरून अपघाती मृत्यू.’

गळका नळ जागेअभावी गेला होता. पुढे कुणी हरकत घेऊ नये म्हणून कुण्या दक्ष माणसानं त्याच्या जागी पुरावा घातला होता. मोजणीबाईनं त्याच मिनिटाला फोन लावला. पलीकडे समितीची कार्यवाह होती, फार गोड बोलणारी.

“चूक आहे ती,” मोजणीबाई म्हणाली. “तो घसरून मेला नाही.”

“पण बाई, तुमच्याच कागदात आहे. खाली तुमची सही आहे.”

“बदला ना ते.”

“छापलेलं बदलत नाही हो आम्ही. नाहीतर रोज कुणी ना कुणी येईल.” मग जरा मऊ आवाजात, “वाईट वाटून घेऊ नका. अपघात कुणालाही होतो.”

तिनं फोन ठेवला आणि तो लगेच वाजला. फौजदार.

“ताई, फार उपकार झाले हो! फाइल पुरी झाली. आज दुपारी चौकशी बंद केली त्यांनी. नातेवाइकास मान्य, म्हटल्यावर बोलणंच खुंटलं सगळ्यांचं. बारा वर्षांनी आज दुपारी झोप लागली मला.” तो खरोखरच गहिवरला होता. “आणि ते आकाशातलंही इंटरनेटवर वाचलं मी. माझा कागद इतक्या लांब जाईल असं वाटलं नव्हतं. गुलाब पाठवू का आईंना?”

“नको,” ती म्हणाली.

संध्याकाळी ती घरी गेली. अंक पिशवीत घडी करून ठेवला होता. न दाखवता येईल का, याचा तिनं वाटेत विचार केला होता, पण शेजारणीनं आधीच ओरडून बातमी दिली होती. तिला ती चिटणिसांच्या ऑफिसातून लागली होती. आई उशीला टेकून बसली होती. केस विंचरून घेतले होते.

“आला म्हणे.”

“आला.”

“मग वाच की. का मी पण शंभर वर्षं थांबू?”

मोजणीबाई पलंगाच्या कडेला बसली. तिनं नंबर वाचला. नाव वाचलं. आईनं नावाला मान हलवली, कुणी दारात हाक मारल्यावर हलवावी तशी.

“पुढे?”

“नळ दुरुस्त करायचा, असं आहे.”

“वाच. सांगू नको, वाच.”

आता इथं मोजणीबाईला काहीही वाचता आलं असतं. आईला मोतीबिंदू, अंक परक्या भाषेत. स्वतःच्या तीन ओळी तर तिला तोंडपाठ होत्या. पण खोट्याचा एक धोंडा तिनं वर टांगलाच होता, दुसरा टांगायचा तिला धीर झाला नाही. तिनं वाचलं ते जसंच्या तसं. ‘घसरून’पर्यंत आवाज नीट होता.

आईनं उशीवरून डोकं उचललं.

“जिना?” मग ती म्हणाली.

“तसं लिहिलंय.”

“अगं, तिथं जिना कुठला? बैठी चौकी ती. दोन खोल्या, पुढे ओटा. ओट्याला पायरीसुद्धा एकच. मी बारा दिवस त्या पायरीवर बसले होते.” आईनं हातानं चादरीवर ती पायरी दाखवली, वीतभर. “तू नव्हतीस तेव्हा. तू लांब होतीस, वेधशाळेनं शिकायला पाठवलेली.”

“हो.”

“फौजदाराला मी हेच विचारलं. म्हटलं, जिना दाखव, सही करते. कुठला दाखवतोय. तीनदा पेन पुढे केलं मेल्यानं, तीनदा मी म्हटलं, आधी जिना दाखव.” ती थांबली. दम लागला होता. “मग आता कुणी दाखवला?”

मोजणीबाईनं अंकाची घडी घातली. पुन्हा उघडली.

“सही कुणी केली गं?”

“मी.”

आईनं मान वळवली नाही, की चादरीवरचा हात उचलला नाही. तशीच समोर बघत राहिली.

“पुसता येतं ते?”

“नाही.”

“किती दिवस राहणार?”

“खूप,” मोजणीबाई म्हणाली. “आपण गेल्यावरही. धोंडा फिरतोय तोवर.”

“हं,” आई म्हणाली, आणि जरा वेळानं, “दिवा लाव. आणि ती उशी काढ मागची. मला आडवं व्हायचंय.”